तिसरा शेरा

प्रणालीवहिनीचा फोन आला तेव्हा शर्वाणी पावसे संसदेच्या उपाहारगृहात दुपारचं जेवत होती. वहिनीचा आवाज शांत होता. त्या शांतपणानंच ती दचकली.

"शर्वा, उमेशला काल जहाजावरून उतरवला. दवाखान्यात नेला."

"अगं, मग चांगलं झालं ना!"

"काय चांगलं? डॉक्टर म्हणाला, अकरा दिवस उशिरा आणलात. डाव्या डोळ्याचं आता काही होणार नाही."

शर्वाणीच्या हातातला घास तसाच राहिला.

"आतला पडदा सुटला म्हणे," वहिनी सांगत होती. "दोन तारखेपासून तो ओरडतोय, डाव्या बाजूनं काळं काळं चढत येतंय म्हणून. पण परवानगीशिवाय कुणी जमिनीवर पाय ठेवायचा नाही. तुमचा तिथला माणूस रोज बंदरखात्यात जाऊन बसायचा बिचारा. त्याला कोण विचारतंय? आणि ती बाई, राजदूत म्हणून जिला नेमलीय, ती जात का नाही गं अजून?"

"प्रक्रिया चालू आहे, वहिनी."

"हर्णैच्या जेटीचं कामपण चालू आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून चालू आहे." वहिनी हसली, पण ते हसू नव्हतं. "कुणाच्या टेबलावर अडकलंय तेवढं तरी काढ. मी दिल्लीला येते. त्याचे पाय धरते."

"बघते," शर्वाणी म्हणाली.

फाईल तिच्याच टेबलावर होती.

उमेश पावसे म्हणजे शर्वाणीचा चुलतभाऊ, जहाजावरचा सेकंड इंजिनीयर. गेल्या जूनमध्ये त्याच्या जहाजाच्या नांगरानं केलोरा या छोट्याशा बेटराष्ट्राची समुद्राखालची केबल तोडली, असा आरोप झाला. बंदरापासून तीन मैलांवर जहाज अडकवून ठेवण्यात आलं. वर सतरा भारतीय. केलोराच्या कायद्यानं अशा माणसांना सोडण्याचा अधिकार फक्त राष्ट्राध्यक्षांना. आणि राष्ट्राध्यक्ष अशा बाबतीत बोलणार ते फक्त राजदूताशी, ज्याचं अधिकारपत्र त्यांनी स्वतःच्या हातानं स्वीकारलंय त्याच्याशी. तिथला आपला राजदूत मे महिन्यातच निवृत्त झाला होता. मागे उरलेल्या प्रभारी अधिकाऱ्याला फार तर उपसचिवापर्यंत पोचता येत होतं. "सोयरीक ठरवायला घरचं वडीलधारं माणूस लागतं बाप्पा," समितीचे सहसचिव इंगळे म्हणायचे, "ड्रायव्हर पाठवून भागत नाही."

वडीलधारं माणूस निवडलेलं होतं. वसुधा देवस्थळी, तीस वर्षं परराष्ट्र सेवेत. सरकारनं जुलैमध्येच त्यांचं नाव दिलं. पण तीन वर्षांपूर्वीच्या नव्या कायद्यानुसार राजदूताच्या प्रत्येक नावाला संसदीय समितीची संमती लागायची. आणि समितीपुढं नाव जाण्याआधी त्याची तपासणी व्हायची, 'साक्षेप' या यंत्रणेकडून.

साक्षेप हे शर्वाणीचं काम होतं. पुण्याहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती थेट याच जागेवर आली होती, आणि पहिले काही महिने तिला या यंत्राचं खरोखर वेड लागलं होतं. यंत्र उमेदवारानं आयुष्यभरात लिहिलेलं, बोललेलं सगळं वाचायचं. लेख, भाषणं, सरकारी टिपणं, मुलाखती. त्यातून एकेक विधान वेगळं काढायचं, आणि मग प्रत्येक विधान दुसऱ्या प्रत्येक विधानाशी ताडून पाहायचं. दोन विधानं एकमेकांना छेद देतात असं वाटलं की लाल खूण. वीसपेक्षा जास्त खुणा झाल्या की तपासणी अधिकाऱ्यानं फाईलवर शेरा लिहायचा. 'समाधानकारक' किंवा 'अधिक माहिती मागवावी'. कायद्यात मुदत कुठेच नव्हती. कायदा करताना ती घालायची कुणाला सुचलीच नाही.

देवस्थळींनी खूप लिहिलं होतं. पहिल्या तपासणीत तीन हजार विधानं निघाली आणि सत्तेचाळीस खुणा. शर्वाणीनं ऑगस्टमध्ये शेरा लिहिला, अधिक माहिती मागवावी. माहिती आली. विधानं झाली बेचाळीसशे, खुणा शहाऐंशी. ऑक्टोबरमध्ये दुसरा शेरा. त्याचीही उत्तरं आली, खुलासे आले. खुलासे चांगले होते. डिसेंबरच्या नऊ तारखेला तिनं फाईल उघडली ती 'समाधानकारक' लिहायच्या तयारीनं.

आणि नेमक्या त्याच सकाळी वहिनीनं उमेशचा मुलीला पाठवलेला व्हिडिओ तिच्याकडे पुढे पाठवला होता. जहाजाच्या डेकवर उभा राहून तो माशांची नावं सांगत होता.

तो पाहिल्यावर तिच्या मनात आलं, आपण आता 'समाधानकारक' लिहिलं आणि उद्या कुणी म्हणालं की हिचा भाऊ त्या जहाजावर होता म्हणून हिनं फाईल सोडली, तर? हितसंबंधाच्या तक्त्यात तिनं 'नाही' वर खूण केली होती. ती खोटी नव्हती. तक्त्यात जोडीदार, आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं होती. चुलतभावाचा रकाना नव्हता. तरीही आपला हात स्वच्छ दिसायला हवा, असं तिला वाटलं. म्हणून परक्या माणसाला तिनं लावला नसता असा कडक नियम तिनं आपल्या माणसाच्या वाटेतल्या फाईलला लावला आणि तिसरा शेरा लिहिला. देवस्थळींच्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतला सगळा पत्रव्यवहार मागवावा.

त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा तिला स्वतःचा अभिमान वाटला होता.

आता जेवण तसंच टाकून ती जागेवर परत आली आणि तिनं कागद पुढे ओढला. तारखा मांडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. समितीची बैठक सोळा डिसेंबरला होती. तिसरा शेरा नसता तर नाव त्याच दिवशी मंजूर झालं असतं. जायची तयारी, अधिकारपत्र सादर करणं, जानेवारीचा मध्य. उमेशच्या डोळ्यापुढं अंधारी आली दोन फेब्रुवारीला. मध्ये दोन आठवडे शिल्लक राहत होते. प्रत्येक टप्प्याला जास्तीत जास्त दिवस धरून तिनं सगळं पुन्हा मांडलं. तरी दोन फेब्रुवारीच्या आधी चार दिवस उरत होते. पडदा सुटल्यावर पहिल्या काही दिवसांत जोडला तर डोळा वाचतो, हेही तिनं वाचून काढलं.

तिनं कागद उलटा केला. मग तिनं एक काम केलं, जे तिनं ऑगस्टमध्येच करायला हवं होतं. साक्षेपमध्ये तिनं स्वतःचं नाव घातलं. स्वतःचा प्रबंध, ईमेल, मैत्रिणींना लिहिलेले निरोप, सगळं. आधी शंभर विधानं दिली. एकही खूण नाही. मग हजार दिली. सहा खुणा. मग तीन हजार. एक्कावन्न. म्हणजे ती देवस्थळींपेक्षाही जास्त विसंगत होती.

गणित शाळकरी होतं. दहा विधानांच्या जोड्या होतात पंचेचाळीस. शंभर विधानांच्या जवळजवळ पाच हजार. विधानं दुप्पट केली की जोड्या चौपट. यंत्र लाखात एकदाच चुकत असेल, आणि ते तसं फारच चांगलं यंत्र होतं, तरी तीन हजार विधानांच्या पंचेचाळीस लाख जोड्यांमध्ये पंचेचाळीस खोट्या खुणा निघणारच. सहा हजार विधानांमध्ये एकशे ऐंशी. तिसऱ्या शेऱ्यानंतर देवस्थळींच्या खुणा झाल्या होत्या एकशे अठ्ठ्याहत्तर. म्हणजे त्या खुणांमध्ये देवस्थळी कुठे नव्हत्याच. होती ती फक्त यंत्राची चूक, पुन्हा पुन्हा मोजलेली.

प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाळ दहाऐवजी शंभर वेळा मोजला की चूक कमी होते, हे तिच्या हाडात मुरलं होतं. संशय आला की आणखी मोजा. इथं प्रत्येक वेळी आणखी मोजल्यानं संशयच वाढत गेला होता. ज्यानं जन्मात काही लिहिलं नाही तो माणूस या यंत्रात सर्वांत स्वच्छ ठरायचा. गेल्या महिन्यात असा एक जण दोन दिवसांत पार झाला होता. चाळीस विधानं, शून्य खुणा. तिनंच 'समाधानकारक' लिहिलं होतं.

अधिवेशन शुक्रवारी संपत होतं. समितीची शेवटची बैठक गुरुवारी सकाळी. त्यानंतरची जुलैमध्ये.

बुधवारी तिनं इंगळेंना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे उमेशसुद्धा. इंगळे मूळचे अकोल्याचे, चौतीस वर्षं सचिवालयात काढलेले. चहाचा कप हातात धरून त्यांनी ऐकलं आणि तो न पिताच खाली ठेवला.

"तू काय करून राहिली होती, शर्वाणी? आठ महिने?"

"काळजी घेत होते, सर."

"कुणाची?"

तिनं तारखांचा कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"हे बघ," ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "सोपा रस्ता आहे. आज फाईलवर लिही, माहिती प्राप्त, समाधानकारक. उद्या मी विषयपत्रिकेत नाव घालतो. दहा मिनिटांत मंजूर. भाऊ तुझा, गणित तुझं, तुझ्यापाशीच ठेव."

"आणि बाकीच्या आठ फाईली?"

"कोणत्या आठ?"

"आणखी आठ देशांत राजदूत नाही, सर. सगळ्यांना खुणांवरून थांबवलंय. सगळे लिहिणारे आहेत."

इंगळेंनी चष्मा काढला. "आणि दुसरा रस्ता धरशील तर काय होईल, ठाऊक आहे? तू उभी राहून सांगशील, माझा भाऊ जहाजावर. एखादा सदस्य उठेल, म्हणेल फाईल बाटली, नव्यानं तपासा. मग जुलै. सोळा माणसं अजून तिथंच आहेत. तुझ्या प्रामाणिकपणाचं बिल त्यांच्या नावानं फाडशील काय?"

तो प्रश्न तिला दिवसभर पुरला. गप्प बसावं तर सोळा जण सुटतात, आणि यंत्र पुढच्या माणसाला अडवत राहतं. बोलावं तर कदाचित कुणीच सुटत नाही. आणि सगळ्यांत लाजेची गोष्ट ही, की दोन्हीकडे तिला आधी स्वतःचीच प्रतिमा दिसत होती. डिसेंबरमध्ये तिनं हेच केलं होतं. स्वतः कशी दिसेन, याचा विचार करता करता तिनं माणसं मोजायची सोडली होती.

गुरुवारी सकाळी तिनं फाईलवर लिहिलं, 'समाधानकारक'. त्याखाली पाऊण पानात जोड्यांचं गणित मांडलं आणि शेवटी एक ओळ लिहिली. 'तपासणी अधिकाऱ्याचा चुलतभाऊ सदर जहाजावर आहे. हे आधी सांगितले नाही. तिन्ही शेरे चुकीचे होते.' इंगळेंनी वाचलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि फाईल उचलली.

समितीच्या अध्यक्षबाई धुळ्याच्या. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. खोलीत कुजबुज झाली. इंगळे म्हणाले होते अगदी तसाच एक सदस्य उठला.

"अध्यक्ष महोदया, ही फाईलच बाटलीय. पुन्हा तपासणी व्हायला पाहिजे."

"बसा हो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाटली असेल तर अडवण्याकडं बाटलीय, सोडण्याकडं नाही. भावासाठी फाईल पळवणारे मी ढीगभर पाहिलेत. भावासाठी फाईल अडवणारी ही पहिलीच." कुणीतरी हसलं. शर्वाणीनं टेबलाच्या कडेवर नजर रोवली. "बाहेर उमेदवार बसल्यात ना? बोलवा."

वसुधा देवस्थळींना शर्वाणी पहिल्यांदाच पाहत होती. आठ महिने ती त्यांना सहा हजार विधानं म्हणून ओळखत होती. ठेंगण्या, सुती साडीतल्या, गुडघा दुखत असावा अशा चालीच्या बाई खुर्चीत बसल्या.

"तुमच्या लिखाणात एकशे अठ्ठ्याहत्तर विसंगती निघाल्यात," मघाचा सदस्य म्हणाला.

"इतक्याच?" देवस्थळी म्हणाल्या. "तीस वर्षांत मी त्याहून जास्त वेळा मत बदललंय. नीट शोधलेलं दिसत नाही."

पुन्हा हशा झाला. देवस्थळी मात्र हसल्या नाहीत.

"एक विनंती आहे. मी नको असेन तर आज 'नाही' म्हणा. मनापासून सांगते, मला राग येणार नाही. सरकार उद्या दुसरं नाव देईल, महिन्याभरात दुसरं कुणी तिथं पोचेल. 'हो' नं काम होतं, 'नाही' नंही होतं. पण आठ महिने काहीच न म्हणणं, हे समोरच्या देशाला काय वाटतं सांगू? त्यांना वाटतं, यांना आपली माणसं परत नकोतच."

मग त्या शर्वाणीकडे वळल्या. तिचं नाव त्यांना कागदावरून कळलं असावं.

"पहिल्या दहा वर्षांचा पत्रव्यवहार तुम्ही मागवलात ना? माळ्यावरून पेट्या काढायला मला आठवडा लागला. वाचलात का तो?"

"यंत्रानं वाचला," शर्वाणी म्हणाली.

"तुम्ही?"

"नाही."

देवस्थळींनी मान हलवली. त्या हलवण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मतदान झालं. इंगळेंनी नंतर घड्याळ दाखवलं. नाव पुकारल्यापासून मंजुरीपर्यंत अकरा मिनिटं लागली होती. साक्षेपच्या खुणांवर अडलेल्या आठही फाईली अध्यक्षबाईंनी तिथंच मागवून घेतल्या, आणि यापुढं तीस दिवसांत हो किंवा नाही, असा ठराव लिहायला सांगितला. शर्वाणीची बदली ग्रंथालय विभागात झाली. तिनं ती मागितली नव्हती, नाकारलीही नाही.

देवस्थळींनी केलोरात अधिकारपत्र सादर केल्यावर नवव्या दिवशी सतराही जण सुटले.

एप्रिलमध्ये शर्वाणी हर्णैला गेली. काकांच्या पडवीत उमेश बसला होता, आधीपेक्षा बारीक झालेला. बंदरावर लिलाव चालू होता, त्याची ओरड वाऱ्याबरोबर इथंवर येत होती. प्रणालीवहिनीनं तिला पाहताच मिठी मारली, कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली.

"हिनंच केलं सगळं," वहिनी शेजारणीला सांगत होती. "मी हिला फोन केला आणि बघा, आठवड्यात फाईल सुटली. आपलं माणूस आत असलं की असं असतं."

शेजारीण कौतुकानं पाहत राहिली. शर्वाणीला तिथून उठून समुद्रात चालत जावंसं वाटलं.

दोघी आत गेल्यावर ती उमेशजवळ बसली. तो समोर बघत बोलत होता. जहाजावर चढायचं वैद्यकीय प्रमाणपत्र आता मिळणार नाही. दापोलीत इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकायचा विचार आहे. मध्येच तो थांबला.

"शर्वा, इकडच्या बाजूला येऊन बस. तिथं तू मला दिसत नाहीस."

ती उठली आणि त्याच्या उजव्या हाताला जाऊन बसली. आता तो तिच्याकडे सरळ पाहत होता, एका डोळ्यानं. त्या डोळ्याकडे पाहतच तिनं सांगितलं. फाईल कुठे होती, तीन वेळा काय लिहिलं, तिसऱ्यांदा का लिहिलं, आणि कितीही ताणून धरलं तरी दोन फेब्रुवारीच्या आधी चार दिवस उरत होते, हेही. कुठलाही आकडा तिनं गोल केला नाही.

स्वयंपाकघरातून वहिनीचं हसणं ऐकू येत होतं.

"प्रणालीला आत्ता नको सांगूस," तो शेवटी म्हणाला. "जेवण होऊ दे तिचं. मग तूच सांग."

"हो, दादा."

"त्या बाईंचा कसला कागद मागवलास म्हणालीस, तिसऱ्यांदा?"

"पहिल्या दहा वर्षांची पत्रं."

"काय निघालं त्यात?"

तिनं ती मार्चमध्ये वाचली होती, ग्रंथालयात बसून, सगळी. साडेनऊशे पानं. त्यांतलं एक पत्र देवस्थळींनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आपल्या आईला लिहिलं होतं.

"त्या नवीन होत्या तेव्हा एका बंदरात आपलं जहाज अडकलं होतं," शर्वाणी म्हणाली. "बावीस माणसं. त्या त्यांना रोज भेटायला जायच्या. पण सोडवलं आपल्या तिथल्या राजदूतानं. तो तिथं हजर होता म्हणून सुटले, असं लिहिलंय. मी एकटी असते तर काही करू शकले नसते, असं."

"किती दिवसांत सुटले?"

तिनं त्याच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं.

"चार," ती म्हणाली.